डब्याखालची मटकी

माझी भाची साडेपाच वर्षांची आहे आणि तिचं ठाम मत होतं की झाडं माती खातात. तोंड कुठंय विचारलं तर म्हणाली, मुळाला असतं, जमिनीत, म्हणून दिसत नाही. हसावं की शाबासकी द्यावी कळेना, कारण हे उत्तर कुणी पाठ करून घेतलेलं नव्हतं, तिने स्वतः जुळवलेलं होतं. तिच्या वर्कबुकात बी, रोप, झाड अशी तीन चित्रं होती, मध्ये बाण काढायचे, ते तिने बरोबर काढले, स्टारपण मिळाला. पण बी फुटताना तिने कधी बघितलंच नव्हतं, आणि त्याच वेळी आमच्या ओट्यावर मटकी फडक्यात बांधलेली!

मग रविवारी पाच वाट्या घेतल्या. एकीत कोरडी मटकी, दुसरीत ओल्या कापसावर, तिसरीत पाण्यात पूर्ण बुडवून ठेवलेली, चौथी ओल्या कापसावरच पण फ्रीजमध्ये, आणि पाचवीवर स्टीलचा डबा पालथा घातला, म्हणजे मिट्ट काळोख. कुठल्या वाटीत काय होईल हे आधीच विचारून कागदावर लिहून ठेवायचं, हे आपण मोठे लोक हमखास विसरतो आणि सगळी मजा तिथेच असते. डब्याखालची मटकी काही यायची नाही यावर भाची, शेजारचा तिचा मित्र आणि चक्क माझी आईसुद्धा, सगळ्यांचं एकमत. आई, जी गेली चाळीस वर्षं मोड आणायला मटकी फडक्यात बांधून झाकून ठेवतेय!

दोन दिवसांनी डबा उचलला तर सगळ्यात लांब मोड तिथेच. बहुतेक बियांना रुजायला उजेड लागत नाही, पाणी, ऊब आणि हवा लागते. बुडवलेल्या मटकीला हवा कमी पडली, ती फुगली आणि मग तिचा असा वास सुटला की वाटी बाल्कनीत न्यावी लागली. (ती फेकू नका लगेच, मुलांना वास आठवणीत राहतो.) फ्रीजमधली नुसतीच फुगून बसली होती, बाहेर काढून ठेवल्यावर तिलाही मोड आले.

पण मग काळोखात ती वाढली कशाच्या जोरावर? याचं उत्तर बिरडं सोलताना मिळतं. भिजवून मोड आणलेला कडवा वाल सोलला की दोन डाळिंब्या सुटतात आणि मध्ये तो कोंब. त्या दोन डाळिंब्या म्हणजे पिल्लाचा डबा, आईने भरून दिलेला, स्वतःचं अन्न तयार करता येईपर्यंत पुरेल एवढा. शेंगदाणा सोलला तर टोकाला छोटंसं नाक दिसतं, तेही पिल्लूच, लाडू करताना आपण चोळून पाखडून टाकतो ते. हे बघितल्यावर प्रश्न आपोआप येतात. मुगाच्या डाळीला मोड का येत नाहीत? कारण भरडताना कोंब दुखावतो. पांढरा तांदूळ पेरला तर? नाही उगवत, पॉलिश करताना त्याचा अंकुर निघून जातो, साळ पेरावी लागते. आणि भाजलेले दाणे भाजतानाच मेलेले असतात.

एक सल्ला, धणे घेऊ नका सुरुवातीला, आठदहा दिवस काही दिसत नाही आणि तोवर मुलांचा इंटरेस्ट संपतो. मेथी किंवा अळीव बेस्ट, अळीव तर भिजला की भोवती चिकट बुळबुळीत गोळा होतो, त्यावरच अर्धा तास जातो.

डबा संपल्यावर काय होतं ते आमच्याकडे नवरात्रात दिसलं. देवघराच्या कोपऱ्यात घटाभोवती पेरलेलं धान नऊ दिवसांत वीतभर उंच होतं पण पिवळं, दसऱ्याला गावाकडे टोपीत खोचतात ते. कमी उजेडात रोप सगळी ताकद उंच होण्यात घालतं, उजेड कुठे सापडतो का बघायला, आणि उजेडाशिवाय त्याला हरितद्रव्य नीट बनवता येत नाही म्हणून पिवळं. आम्ही त्यातलं थोडं मातीसकट खिडकीत ठेवलं, दुसऱ्या दिवशी हिरवी झाक आली. भाची म्हणाली, रंग लावलास ना मावशी?

आता माती खाण्याचं राहिलंच. ही शंका फार जुनी आहे, बेल्जियमकडच्या व्हान हेल्मोंट नावाच्या माणसाने २०० पौंड कोरडी माती मोजून घेतली, त्यात ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड भरलं जवळपास १६९ पौंड आणि माती कमी झाली फक्त २ औंस! हे छापून आलं १६४८ साली, त्याच्या मृत्यूनंतर. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचंच बनतं, जे अर्धंच बरोबर होतं, कारण लाकडातला कार्बन येतो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून. मातीतून क्षार मिळतात, ते लागतातच, पण चिमूटभर. भाचीला हे सांगितलं तर तिने सरळ नाही म्हटलं. हवेचं लाकूड कसं होईल? मी वाद घातला नाही, माझाही शाळेत विश्वास बसला नव्हता.

सध्या तिचं लक्ष राजम्यावर आहे. काचेच्या ग्लासात आतून ओला टिश्यू आणि काचेला चिकटून राजमा, म्हणजे मूळ बाहेरून दिसतं. मूळ खाली गेलं की ग्लास आडवा करायचा, एका दिवसात ते वळून पुन्हा खाली निघतं, कारण मुळाच्या टोकाच्या पेशींमध्ये स्टार्चचे जड कण असतात, ते घरंगळून खालच्या बाजूला बसतात आणि मुळाला खाली कुठे ते कळतं. तिने रोज एकदा ग्लास फिरवला, मुळाची पार जिलेबी झाली, आणि आई विचारतेय, माझा ग्लास परत कधी मिळणार.