जेट प्रतिकृतीचा गुरुत्वमध्य

रेडिओ नियंत्रित जेट प्रतिकृतीचा सगळा भार ज्या एका बिंदूवर तोलला जातो, तो तिचा गुरुत्वमध्य. छंदी मंडळींच्या बोलण्यात तो नुसता ‘सीजी’ असतो. विमान स्थिर उडायचे तर हा बिंदू उदासीन बिंदूच्या पुढे असावा लागतो. झुळकीने नाक वर झाले की पंख व शेपूट मिळून जी जादा उचल तयार होते, ती या उदासीन बिंदूवर लागते असे धरतात. सीजी त्याच्या पुढे असेल तर ती उचल नाक पुन्हा खाली आणते. मागे असेल तर नाक आणखी वर ढकलते आणि विमान हाताबाहेर जाते. दोन बिंदूंमधले अंतर पंखाच्या माध्य जीवेच्या, म्हणजे पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या प्रातिनिधिक रुंदीच्या, साधारण ५ ते १५ टक्के ठेवतात.

माध्य जीवा म्हणजे पंखाच्या रुंदीची साधी सरासरी नव्हे; तिच्यात रुंद भागाला जास्त महत्त्व मिळते. मुळाशी ३०० मिमी व टोकाशी १५० मिमी रुंद असलेल्या पंखाची सरासरी २२५ मिमी, पण माध्य जीवा २३३ मिमी भरते. जेटचे पंख मागे वळलेले असल्याने ही जीवा पंखावर नेमकी कुठे येते ते आधी काढावे आणि तिथल्या पुढच्या कडेपासून मोजावे. नवशिक्यांची चूक बहुधा इथेच होते: ते मुळाच्या कडेपासून मोजतात. शेपूट असलेल्या जेटला माध्य जीवेच्या २५ टक्क्यांवर सीजी ठेवून सुरुवात करणे सुरक्षित असते. बिनशेपटीच्या डेल्टाला, म्हणजे त्रिकोणी पंखाच्या जेटला, मात्र तोच आकडा घातक ठरतो, कारण त्याचा उदासीन बिंदूच जवळजवळ २५ टक्क्यांवर असतो. मुळाशी ६०० मिमी लांब, टोकाला निमुळता होत संपणारा त्रिकोणी पंख घेतला, तर उदासीन बिंदू पुढच्या टोकापासून सुमारे ३०० मिमीवर येतो. सीजी तिथून २० ते ४० मिमी पुढे हवा.

तोलण्याचे काम घरातच करावे. कोकणातल्या पडवीत दुपारचा खारा वारा थांबत नाही आणि छताचा पंखाही हलके मॉडेल डोलवतो. पंखाच्या खालच्या बाजूला, मुळाजवळ, दोन्हीकडे चिकटपट्टी लावून पेन्सिलीने खूण करायची आणि त्या खुणांवर दोन बोटांनी मॉडेल उचलायचे. पंख धडाच्या तळाशी असेल तर वजन बोटांच्या वर राहते व मॉडेल कलंडू पाहते; अशा वेळी ते उलटे धरावे. नाक किंचित खाली झुकून स्थिरावले की ठीक. मोठे जेट बोटांवर पेलत नाही. त्याच्या तिन्ही चाकांखाली वजनकाटे ठेवतात. पुढच्या चाकावर ३०० ग्रॅम, एकूण ३००० ग्रॅम आणि पुढच्या व मागच्या चाकांत ६०० मिमी अंतर असेल, तर सीजी मागच्या चाकांच्या ६० मिमी पुढे आहे.

टर्बाइनच्या जेटमध्ये केरोसीन जळत जाते तसा तोल सरकतो. म्हणून मुख्य टाकी रिकामी, पण इंजिनाजवळची छोटी टाकी भरलेली, अशा स्थितीत मोजतात. मग टाकी भरून पुन्हा. चाके आत ओढली जात असतील तर तीही आत व बाहेर ठेवून पाहावीत. यांतली सर्वांत मागची स्थितीही मर्यादेत बसलीच पाहिजे.

तोल चुकला तर शिशाकडे वळण्याआधी बॅटरी सरकवावी. २००० ग्रॅमच्या डक्टेड फॅन (नळीत बसवलेला विजेवरचा पंखा) जेटमधली ४०० ग्रॅमची बॅटरी ५० मिमी पुढे नेली की सीजी १० मिमी पुढे येतो. एवढ्यासाठीच सीजीच्या जागेपासून ४०० मिमी पुढे, नाकात, ५० ग्रॅम शिसे लागते, आणि ते वजन प्रत्येक उड्डाणात वाहावे लागते. शिसे लागलेच तर किनाऱ्यावर ते शोधत फिरावे लागत नाही: मासेमारीच्या जाळ्यांना लावायचे शिसे चालते. ते इपॉक्सीने पक्के बसवावे. दमट उकाड्यात चिकटपट्टी सुटते आणि उड्डाणात घरंगळलेले वजन बेतलेला सीजी सोबत घेऊन जाते.

नाक जड ठेवणे सुरक्षित, हा सल्ला सरसकट दिला जातो. तो अर्धाच खरा आहे, आणि कोकणात हे विशेष जाणवते. पुढे पंखा असलेल्या विमानात त्याचा झोत शेपटावर येतो. जेटमध्ये तो सहसा येत नाही, त्यामुळे एलिव्हेटरला, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटावरच्या हलत्या पट्टीला, जोर फक्त वेगातून मिळतो. नाक फार जड असेल तर धाव लांबते आणि उतरतानाही वेग जास्त ठेवावा लागतो. रत्नागिरी, देवगडकडच्या कातळसड्यांवर सपाट पट्टी आखूड मिळते व जांभा खरखरीत असतो. तिथे वाढलेली धाव चाके मोडते. पुळणीवरून उडवले तर कोरडी वाळू फॅनमध्ये शिरते. त्यामुळे इथे पहिल्या उड्डाणाला सीजी गणिताने आलेल्या खुणेवरच ठेवावा, भीतीपोटी आणखी पुढे नेऊ नये. वेळ पहाटेची, वारा पडलेला असताना.

पुढचा निवाडा हवेत होतो. पुरेशा उंचीवर, मध्यम थ्रॉटलवर सरळ उडणारे जेट उलटे करावे. उंची टिकवायला एलिव्हेटर बराच दाबावा लागला तर नाक जड, अजिबात लागला नाही तर सीजी मागे सरकला आहे, थोडासा लागला तर बरोबर. बॅटरी प्रत्येक वेळी इतकीच हलवावी, की सीजी २-३ मिमी सरकेल. समाधान झाले की बॅटरीची जागा आतून रंगाने आखून टाकावी.

ही खूण पावसाळ्यानंतर मात्र बाद धरावी. चार महिने दमट खोलीत टांगलेले बाल्सा लाकूड ओलावा धरते. सीजीच्या ७०० मिमी मागे, शेपटाकडे, १० ग्रॅम वाढले तर ४०० मिमी पुढच्या नाकात त्याला उत्तर म्हणून साडेसतरा ग्रॅम लागतात. दिवाळीच्या सुमारास गवत वाळून सडे मोकळे होतात, तेव्हा पहिल्या उड्डाणाआधी मॉडेल पुन्हा दोन बोटांवर घ्यावे.