टेलेक्स रिलीज म्हणजे ई-बीएल नव्हे

न्हावा शेवाहून थेट जहाजाने निघालेला कांद्याचा कंटेनर आठवड्याच्या आत दुबईच्या जेबेल अली बंदराला पोचू शकतो. बँकेमार्फत निघालेली कागदपत्रं तेव्हा अजून कुरियरच्या पिशवीतच असतात. मग तिकडच्या खरेदीदाराचा निरोप येतो, "बीएल (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीने मालासाठी दिलेला दस्तऐवज) टेलेक्स करून टाका." हल्ली त्यातच "नाहीतर ई-बीएल (इलेक्ट्रॉनिक बीएल) द्या" हीही भर पडते. दोन्हींत कागद समुद्रापार जात नाही, म्हणून बरेच निर्यातदार दोन्ही एकच धरतात. खरं तर टेलेक्समध्ये बीएल संपवलं जातं, आणि ई-बीएलमध्ये ते जिवंत राहून हातोहात फिरतं.

बीएल ही मालाची पावती असते आणि वाहतुकीच्या कराराचा पुरावाही. घोळ होतो तो तिसऱ्या कामात: ऑर्डर बीएल, म्हणजे सही करून दुसऱ्याच्या नावे करता येणारं बीएल, ज्याच्या हाती, मालावरचा हक्क त्याचा. साधारण तीन ओरिजिनल निघतात. त्यातलं एक जरी पलीकडच्या बंदरावर जमा झालं तरी माल सुटतो आणि उरलेली दोन रद्दी होतात. बँक ‘फुल सेट’ मागते ती यासाठीच.

टेलेक्स रिलीजमध्ये शिपर (माल पाठवणारा) तिन्ही ओरिजिनल लाइनच्या, म्हणजे जहाज कंपनीच्या, इकडच्याच ऑफिसात परत करतो. मागच्या बाजूला कंपनीचा शिक्का आणि सही, सोबत लेटरहेडवर विनंती: बीएल नंबर, कंटेनर नंबर, माल कोणाला सोडायचा त्याचं पूर्ण नाव. भाडं, लोकल चार्जेस आणि टेलेक्सची फी भरली की बीएलवर ‘सरेंडर्ड’चा शिक्का बसतो आणि तिकडच्या एजंटला निरोप जातो. टेलेक्स यंत्रं केव्हाच भंगारात गेली, निरोप आता ईमेलने किंवा लाइनच्या सिस्टीममधून जातो. नाव तेवढं उरलंय. शिक्का बसला की ते बीएल कोणाला विकता येत नाही, तारण ठेवता येत नाही. पैसे यायच्या आधी टेलेक्स केलं तर माल उधारीवर दिला असंच समजा. खरेदीदाराने डिलिव्हरी ऑर्डर (डीओ, माल सोडण्याचा लेखी आदेश) घेतली की हातात काही उरत नाही.

अडतं ते बहुतेक किरकोळ गोष्टींवर. तीनपैकी दोनच ओरिजिनल जमा होतात, तिसरं बँकेत. किंवा फॉरवर्डरने (माल पाठवायची व्यवस्था करणाऱ्या मध्यस्थाने) शिपरला दिलेलं हाउस बीएल टेलेक्स होतं पण लाइनने फॉरवर्डरला दिलेलं मास्टर बीएल राहून जातं. मग खरेदीदार डीओसाठी खेपा घालतो आणि बंदरात अडकलेल्या कंटेनरवर डेमरेज, म्हणजे मुदतीबाहेर पडून राहिल्याचा आकार, चढतं. दोन्ही बीएलचं रिलीज वेगवेगळं करावं लागतं; दोन्ही झालं का, हे फॉरवर्डरला लेखी विचारून घ्या.

ई-बीएल म्हणजे बीएलचं पीडीएफ नव्हे, हेही इथेच सांगितलेलं बरं. पीडीएफच्या शंभर प्रती निघतात, ई-बीएल एका वेळी एकाच्याच ताब्यात असतं. लाइन ते ई-बीएलसाठीच्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर जारी करते. शिपर आपल्या खात्यातून ते बँकेच्या नावे एंडॉर्स (हस्तांतरित) करतो. त्या क्षणी त्याच्या हातून ताबा सुटतो. पैसे आले की बँक ते खरेदीदाराकडे देते आणि खरेदीदार लाइनला सरेंडर करून डीओ घेतो. कोणी, किती वाजता, कोणाला दिलं याची नोंद राहते. कागदाचे आठ-दहा दिवस काही तासांवर येतात आणि बँकेचा हक्क मध्ये कुठेही तुटत नाही.

मेख एवढीच, की साखळीतला प्रत्येक जण त्या प्लॅटफॉर्मवर हवा. खरेदीदाराची बँक नसेल तर ई-बीएल मध्येच कागदावर उतरवावं लागतं. तसं केलं की इलेक्ट्रॉनिक नोंद बंद होते आणि कुरियरची वाट पुन्हा सुरू. जहाज कंपनी मर्स्क आणि आयबीएमचा ट्रेडलेन्स हा असाच डिजिटल प्लॅटफॉर्म बंद करण्याची घोषणा २०२२ मध्ये झाली. उद्योगातल्या सगळ्यांचं हवं तेवढं सहकार्य मिळालं नाही, हे कारण कंपन्यांनीच दिलं होतं. तरी ओघ थांबलेला नाही: २०२३ मध्ये डीसीएसए या कंटेनर लाइन्सच्या संघटनेतल्या नऊ मोठ्या लाइन्सनी २०३० पर्यंत पूर्णपणे ई-बीएलवर जाण्याचा शब्द दिला. त्याच वर्षी २० सप्टेंबरपासून ब्रिटनच्या कायद्याने इलेक्ट्रॉनिक व्यापारी कागदपत्रांना कागदाचाच दर्जा दिला. अनेक बीएल इंग्लिश कायद्याखाली निघतात, म्हणून आपल्यालाही ते लागू पडतं.

एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, ठरलेली कागदपत्रं दाखवल्यावर पैसे देण्याची बँकेची हमी) असेल तर टेलेक्सचा विषय काढूच नका. एलसीत सहसा तिन्ही ओरिजिनल मागितलेली असतात, आणि ती लाइनला देऊन टाकल्यावर बँकेला दाखवणार काय? ई-बीएल चालतं, पण एलसीत ईयूसीपी (इलेक्ट्रॉनिक कागदपत्रांसाठीचे पूरक नियम) लागू असल्याचा उल्लेख हवा; एलसीच्या नुसत्या नेहमीच्या नियमांवर, म्हणजे यूसीपी ६०० वर, भागत नाही. ही दुरुस्ती माल भरण्याआधी करून घ्यावी, नंतर प्रत्येक अमेंडमेंटचे पैसे आणि दिवस दोन्ही जातात.

उलट पूर्ण पैसे आधीच आले असतील, किंवा गिऱ्हाईक वर्षानुवर्षांचं असेल, तर दोन्ही खटाटोप कशाला? बुकिंगच्या वेळीच सी वेबिल (हक्क हस्तांतरित न होणारा वाहतुकीचा कागद) मागा. त्यात ओरिजिनलच नसतात, त्यामुळे सरेंडर नाही आणि टेलेक्सची फीही नाही. कन्साइनीने (ज्याच्या नावे माल पाठवला त्याने) ओळख पटवली की माल सुटतो, आणि त्याने तो मागेपर्यंत शिपरला सहसा कन्साइनी बदलताही येतो. टेलेक्स झाल्यावर ती सोय धरून चालू नका.