राखीव जागा आणि कागदांची पिशवी: गावकारभारातील स्त्रियांच्या उमेदवारीची पार्श्वभूमी

1957 साली बलवंतराय मेहता समितीने पंचायत समितीवर दोन स्त्रिया स्वीकृत सदस्य म्हणून घ्याव्यात, असे सुचवले. निवडून येण्याची गरज नव्हती. बहुतेक ठिकाणी पुढाऱ्याच्या घरातल्या बाईचे नाव लागायचे आणि सही घ्यायला रजिस्टर घरी जायचे.

उमेदवार म्हणून स्त्रीला उभे करण्याची संघटित तयारी महाराष्ट्रात दिसते ती नोव्हेंबर 1986 मध्ये, शेतकरी संघटनेच्या चांदवडच्या महिला अधिवेशनात. जिल्हा परिषदा लढवायच्या असे ठरले, पण 1979 नंतर त्या निवडणुका थेट 1992 मध्ये झाल्या. तोवर बायकांनी ग्रामपंचायतीकडे मोर्चा वळवला. 1989 मध्ये विटनेर (जळगाव), मेटीखेडा (यवतमाळ), येनोरा (वर्धा) इथे संपूर्ण महिला पॅनेल निवडून आली, तीही आरक्षण नसताना.

1990 मध्ये राज्याने 30 टक्के जागा राखल्या. 24 एप्रिल 1993 पासून 73 वी घटनादुरुस्ती लागू होऊन किमान एक तृतीयांश आल्या, आणि 2011 मध्ये महाराष्ट्राने निम्म्या केल्या.

जागा मिळाल्या, पण अडचण कागदावर सरकली. राखीव प्रवर्गातल्या बाईची जात वडिलांकडून धरली जाते, म्हणजे दाखले माहेरच्या तालुक्यात. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा महसुली किंवा शाळेचा पुरावा शोधायचा. तो वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असतो आणि आडनावाचे स्पेलिंग हटकून वेगळे निघते. त्यात मतदार यादीत नाव सासरचे, दाखल्यावर माहेरचे. दोन्ही नावे एकाच बाईची हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र लागते. जात वैधता प्रमाणपत्र निवडून आल्यावर पूर्वी सहा, नंतर बारा महिन्यांत देण्याची सवलत मिळाली. मुदत चुकली की पद जाते, म्हणून आरक्षणाच्या सोडतीची वाट न पाहता वर्षभर आधी अर्ज टाकावा. 12 सप्टेंबर 2001 नंतर जन्मलेले तिसरे अपत्यही अपात्र ठरवते. किती मुले हा निर्णय अनेक घरांत तिचा नसतो, शिक्षा मात्र तिला होते. थेट सरपंचपदासाठी 1 जानेवारी 1995 नंतर जन्मलेल्या उमेदवाराला सातवी उत्तीर्ण असणे आवश्यक आहे.

निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचा. गुलालाच्या गडबडीत तो राहतो आणि पाच वर्षांपर्यंत अपात्रता ओढवू शकते. हरलेल्या उमेदवारालाही हे लागू आहे, आणि तिला ते कोणी सांगत नाही.

मग अविश्वास ठराव. राखीव पदावरच्या महिला सरपंचाविरुद्ध तो दोन तृतीयांशऐवजी तीन चतुर्थांश मतांनीच मंजूर व्हावा, अशी तरतूद करावी लागली होती. नऊ सदस्यांत सहाऐवजी सात मते. फरक एका मताचा, पण छोट्या पंचायतीत तेवढे एक मत पुरते. ठराव बारगळला की सरकारी जागेवरच्या अतिक्रमणाची तक्रार येते. कुटुंबीयांचे अतिक्रमणही भोवते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले होते. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या सरपंचांवर सासूच्या घरावरून असाच आरोप झाला. त्या म्हणत होत्या, आपण वेगळे, भाड्याने राहतो. सप्टेंबर 2024 मध्ये न्यायालयाने त्यांची अपात्रता रद्द केली. अशा सरपंचाला वेगळे बिऱ्हाड दाखवणारा भाडेकरार, वीजबिल, शिधापत्रिका आधीपासून जपून ठेवावी लागते.

न्यायदानाच्या पदाचे काय? आपल्याकडे न्यायाधीश निवडून येत नाहीत, आणि 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यातल्या न्यायपंचायती पुढे रद्द झाल्या. बिहारमध्ये मात्र ग्राम कचहरी आहे. तिथे गावप्रमुखाला मुखिया म्हणतात आणि सरपंच म्हणजे कचहरीचा प्रमुख, म्हणजे न्याय करणारा. 2006 च्या कायद्याने या पदांतही स्त्रियांना निम्मा वाटा मिळाला. दंड 1000 रुपयांपर्यंत, तुरुंगवासाचा अधिकार नाही. मदतीला कायद्याचा पदवीधर न्यायमित्र असतो. निकाल नीट लिहून घेणे तिथली खरी कसोटी, कारण वरच्या न्यायालयात तोच कागद जातो.

महाराष्ट्रात आणखी एक पेच आहे तो चक्राकार आरक्षणाचा. पाच वर्षांत काम कळते तोवर सोडत फिरते आणि वॉर्ड खुला होतो. मग पॅनेलवाले सांगतात, आता ही पुरुषांची जागा. कायद्यात अशी जागाच नाही; सर्वसाधारण जागेवर स्त्रीचा अर्ज इतरांसारखाच छाननीला येतो.