फळमाशी जास्त जगते खरी, पण चढते किती?

पिकलेल्या केळ्यांवर बारीक चिलटं घोंघावतात ना, त्यातलीच एक म्हणजे ड्रोसोफिला, फळमाशी. लॅबमध्ये हिचं आयुष्य दोन-तीन महिन्यांचं, आणि खायला साखर नि यीस्ट, त्यामुळे आहार कमी-जास्त करून म्हातारपण कसं येतं ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघता येतं.

खाणं कमी केलं की माश्या जास्त जगतात हे आधीच माहीत होतं, पण २००३ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये लिंडा पार्ट्रिज यांच्या टीमने भरपेट खाणाऱ्या माश्यांचं खाणं मध्येच कमी केलं, तर दोन-तीन दिवसांत त्यांचा मरण्याचा धोका पहिल्यापासून कमी खाणाऱ्यांइतका खाली आला! पुढे २००५ मध्ये दिसलं की हा नुसता कॅलरीचा हिशोब नाहीये, तेवढ्याच कॅलरी साखरेतून कमी करण्यापेक्षा यीस्टमधून, म्हणजे मुख्यतः प्रोटीनमधून कमी केल्या तर आयुष्य जास्त वाढतं.

२००९ चा प्रयोग तर फारच भारी. कमी खाणाऱ्या माश्यांना सगळी आवश्यक अमिनो आम्लं, म्हणजे ज्यांपासून प्रोटीन बनतं ते घटक, दिली तर अंडी वाढली पण आयुष्य घटलं, आणि त्यातलं एकटं मिथिओनिन दिलं तर अंडीही भरपूर आणि आयुष्यही शाबूत. म्हणजे जास्त अंडी घातली की आयुष्य कमी होणारच असं काही नाही.

आता जीन्सचं. चिको नावाचा एक जीन इन्सुलिनचा निरोप पेशीच्या आत पोचवतो. त्याच्या दोन्ही प्रती बिघडल्या की माशी खुजी राहते, मादी जवळपास वांझ होते, पण २००१ च्या प्रयोगात अशा माद्यांचं आयुष्य ४८ टक्क्यांपर्यंत वाढलेलं दिसलं.

पण नुसतं जगणं काय कामाचं, हातपाय चालतात का ते बघायला हवं ना. माशी किती फिरते यावरून ते कळत नाही, कारण उपाशी माशी ऑक्टोपामीन नावाच्या मेंदूतल्या रसायनामुळे अन्न शोधत उलट जास्तच पळते. म्हणून नळी आपटून माश्या तळाशी पाडतात आणि त्या किती पटकन वर चढतात ते मोजतात, तरुण माश्या सरसर चढतात, म्हाताऱ्या तळाशीच रेंगाळतात. अमेरिकेतल्या २००७ च्या एका अभ्यासात कमी खाणाऱ्या माश्या जगल्या जास्त, पण चढणं मात्र भरपेट खाणाऱ्यांसारखंच मंदावत गेलं. चिको बिघडलेल्या माश्यांचं तसं नाही, त्यांचं चढणंसुद्धा उशिरा मंदावतं.