ब्लॅक होल आणि घनतेचा घोळ

ब्लॅक होल, म्हणजे जिथून प्रकाशही बाहेर निसटत नाही ते, असं म्हटलं की कोणीतरी लगेच सांगतं, अफाट घनता असलेली वस्तू. हे अर्धंच खरं आहे. गुरुत्वाकर्षणाचं वस्तुमान आणि अंतराचा वर्ग हे गणित सगळ्यांनी शाळेत केलंय, ते सोडून देऊ.

१७८३ साली इंग्लंडमधल्या एका पाद्र्याने हिशोब मांडला की तारा सूर्याच्याच घनतेचा ठेवा, फक्त व्यास ५०० पट करा, मग त्याचा प्रकाशसुद्धा निसटणार नाही. घनता तीच ठेवली तर सुटकेचा वेग, म्हणजे ताऱ्याच्या ओढीतून निसटायला लागणारा वेग, त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो, सूर्याचा सेकंदाला ६१८ किमी, गुणिले ५००, गेला प्रकाशाच्या वर. आणि सूर्याची घनता किती, तर पाण्याच्या जेमतेम १.४ पट! म्हणजे पहिली कल्पना दाट वस्तूची नव्हतीच, भल्यामोठ्या वस्तूची होती. पुढे प्रकाश म्हणजे लाटा असं ठरलं आणि हा विचार शंभरेक वर्षं अडगळीत पडला.

मग पहिल्या महायुद्धात रशियन आघाडीवर असलेल्या एका जर्मन खगोलशास्त्रज्ञाने आइनस्टाइनची गुरुत्वाची नवी समीकरणं सोडवली, त्यातून ती प्रसिद्ध त्रिज्या निघाली, जिच्या आत सगळं वस्तुमान मावलं की प्रकाश निसटत नाही, सूर्यासाठी ३ किमी, पृथ्वीसाठी ९ मिमी. घनतेचा शिक्का बसला तो इथून पुढे. १९३० मध्ये मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघालेल्या १९ वर्षांच्या एका मद्रासी मुलाने प्रवासातच गणित केलं की श्वेत बटू ताऱ्याला, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या गाभ्याला, ठराविक वस्तुमानापुढे स्वतःच्या वजनाखाली तग धरता येत नाही, आज ती मर्यादा सूर्याच्या १.४ पट धरतात. १९३५ ला लंडनमध्ये भर सभेत एका बड्या माणसाने त्याची टर उडवली, आणि माझ्या मते त्यामुळे हा विषय बरीच वर्षं मागे गेला. १९३९ ला अमेरिकेत तारा कोसळण्याचं पूर्ण गणित आलं, तेव्हापासून ब्लॅक होल म्हणजे दाबून दाबून केलेली वस्तू हेच डोक्यात बसलं.

आता घोळ बघा. ती त्रिज्या वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे घनफळ वस्तुमानाच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे सरासरी घनता वस्तुमानाच्या वर्गाने कमी होते. सूर्याएवढ्या ब्लॅक होलची घनता घन सेंटीमीटरला १८०० कोटी टनांच्या आसपास, पण २०१९ मध्ये ज्याचा फोटो आला ते एम८७ या दीर्घिकेमधलं ६५० कोटी सूर्यांचं धूड घ्या, त्याची सरासरी आपल्या हवेपेक्षा विरळ येते. अर्थात ही सरासरी साध्या गोलाचं घनफळ धरून काढलेली, आत अवकाशच वाकलेलं असल्यामुळे तिथे घनफळ म्हणजे नक्की काय इथपासूनच भांडण आहे. आणि केंद्रात गणित अनंत घनता सांगतं, पण तिथे आइनस्टाइनचा हा गुरुत्वाचा सिद्धांतच मोडतो असं बहुतेक जण मानतात. त्यामुळे घनतेवरून व्याख्या करूच नये, किती वस्तुमान किती त्रिज्येत मावलंय ते विचारावं.

लांबून तर घनतेचा काही संबंधच नाही. उद्या सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं ब्लॅक होल ठेवलं तर पृथ्वी आहे त्याच कक्षेत फिरत राहील, गोठेल ती गोष्ट वेगळी. फरक इतकाच की सूर्याच्या केंद्राच्या ७ लाख किमीपेक्षा जवळ जाताच येत नाही, पृष्ठभाग आडवा येतो, इथे ३ किमीपर्यंत जाता येतं आणि सगळी गंमत त्या जवळ जाण्यात आहे.

२०१५ ला अमेरिकेतल्या डिटेक्टरांनी पकडलेल्या गुरुत्वलहरींचा, म्हणजे अवकाशातच उठलेल्या तरंगांचा, पुरावाही अंतराचाच होता. दोन वस्तू, मिळून साधारण ६५ सूर्य, आणि शेवटी एकमेकींपासून फक्त ३५० किमीवर फिरत होत्या, एवढ्या जागेत तारे मावणार कसे? तसाच ४-४ किमी हातांचा डिटेक्टर आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणार आहे, एप्रिल २०२३ मध्ये त्याला २६०० कोटींची मंजुरी मिळाली. लाट आकाशात नक्की कुठून आली हे शोधायला अमेरिकेपासून इतक्या लांबचं ठिकाण फार उपयोगी पडतं.