सीझरच्या त्वचेच्या टाक्यांसाठी धाग्याची निवड

सिझेरियन शस्त्रक्रियेत पोटाच्या कातडीवरचा छेद कशाने बंद करायचा, याचा निर्णय. ओटीपोटावरचा आडवा छेद जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ हर्मान फानेनश्टील यांनी 1900 मध्ये मांडला. आज बहुतेक सीझर अशाच आडव्या छेदातून होतात. पोटाचा ताण खालच्या पांढऱ्या, चिवट आवरणाचे टाके सोसतात. कातडीच्या धाग्याने तिच्या दोन कडा आठवडा-दोन आठवडे एकमेकींना भिडवून धरल्या की पुरे. त्यामुळे ‘सर्वांत मजबूत धागा’ हा इथे निकषच नाही.

पर्याय मुख्यतः तीन: विरघळणारा धागा, नायलॉनसारखा न विरघळणारा धागा आणि धातूच्या पिना, म्हणजे स्टेपल. स्टेपल काही मिनिटांत लागतात, पण नंतर जखम उकलण्याचे प्रमाण वाढते. अमेरिकेत 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जखमेच्या तक्रारी टाक्यांच्या गटात 4.9 टक्के, तर स्टेपलच्या गटात 10.6 टक्के होत्या. ब्रिटनची ‘नाइस’ ही उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना देणारी संस्थाही स्टेपलऐवजी टाक्यांचा विचार करावा असे सुचवते.

विरघळणाऱ्या धाग्यांत खरी चुरस पॉलिग्लॅक्टिन 910 (व्हिक्रिल) आणि पॉलिग्लेकॅप्रोन 25 (मोनोक्रिल) यांच्यात आहे. व्हिक्रिल अनेक तंतू विणून केलेला असतो. तो हातात मऊ लागतो, गाठ पक्की बसते आणि तीन आठवड्यांनीही त्यात निम्मी ताकद उरते. मात्र विणीच्या फटींत जंतूंना आसरा मिळू शकतो. मोनोक्रिल एकपदरी, गुळगुळीत. ऊतींतून अलगद सरकतो. त्याची ताकद पहिल्या दोन आठवड्यांतच बरीचशी ओसरते, पण कातडीला तेवढे पुरते. धागा मात्र हट्टी असतो, वळवला तरी मूळ आकारात परत येऊ पाहतो, म्हणून गाठी जपून माराव्या लागतात. 2017 च्या एका चाचणीत जखमेच्या तक्रारी मोनोक्रिलमध्ये 8.8 टक्के आणि व्हिक्रिलमध्ये 14.4 टक्के आढळल्या. कातडीच्या आतून सलग शिवण घालायची, तर 4-0 जाडीचा मोनोक्रिल ही समंजस निवड ठरते. (4-0 म्हणजे चार शून्ये; शून्ये जितकी जास्त, तितका धागा बारीक.)

‘टाके काढावे लागतील का?’ हा बाळंतिणीचा हमखास प्रश्न. डिस्चार्जनंतर ती लांबच्या गावी माहेरी जाणार असेल, तर विरघळणाऱ्या धाग्यामुळे टाके काढण्यापुरती फेरी वाचते. चरबीचा थर 2 सेंटीमीटरहून जाड असेल, तर तोही शिवून घ्यावा. तिथे पाणी साचून जखम उघडण्याचा धोका त्याने कमी होतो, आणि कातडीचा धागा बदलून हा फायदा मिळत नाही.

नायलॉनच्या सुट्या टाक्यांना जुनाट म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. काढताना ते दुखतात, आडव्या खुणाही राहू शकतात. पण पाणी फुटून बराच वेळ झाला असेल किंवा गर्भाशयात संसर्ग असेल, तर पू साठलाच तर एक-दोन टाके काढून त्याला वाट करून देता येते आणि बाकीची जखम मिटलेली ठेवता येते. सलग शिवणीत ही सोय नाही.