मुलीला काथलिक शाळेत घालण्यापूर्वी : बडोद्यातील मराठी पालकांसाठी माहितीपत्रक

शाळाप्रवेशाचे मार्गदर्शन हा आमचा व्यवसाय असून आमचे छोटे कार्यालय दांडिया बाजारात आहे. मुलीला नववीपासून काथलिक धर्मभगिनींच्या, म्हणजे सिस्टरांच्या, शाळेत घालावे का, हा प्रश्न घेऊन येणाऱ्या पालकांना आम्ही जे तोंडी सांगत आलो, ते लिहून द्यावे असा आग्रह पालकांनीच धरला, म्हणून हे पत्रक काढले आहे. अशा शाळांच्या रंगीत पुस्तिकेत मूल्ये, सुविधा आणि वार्षिक प्रगती हे तीन भाग हमखास असतात. ते कसे वाचावेत आणि पुस्तिकेत जे छापलेले नसते ते कोठे पाहावे, एवढाच या पत्रकाचा विषय आहे. आम्ही कोणत्याही शाळेकडून पैसे घेत नाही. आमचे शुल्क पालक देतात, त्यामुळे आमची बांधिलकीही पालकांशीच आहे.

मुलींनी शिकावे हे बडोद्यात कोणाला पटवून द्यावे लागत नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते संस्थानभर लागू केले, तेव्हा त्यात मुलीही होत्या. आणि महाराणी चिमणाबाई १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. इथल्या मराठी घरांत पणजीही शाळेत गेलेली असते. म्हणूनच शाळा निवडताना नावाच्या दबदब्यावर न जाता चौकशी करण्याची सवय या घरांना शोभून दिसते.

मूल्ये

जवळजवळ प्रत्येक आजी-आजोबा एक प्रश्न जरा आवाज खाली आणून विचारतात : तिथे धर्म शिकवतात का? याचे सरळ उत्तर राज्यघटनेत आहे. अनुच्छेद २८(३) नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेतील कोणाही विद्यार्थ्याला, तो अल्पवयीन असल्यास त्याच्या पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. काथलिक शाळांत सामान्यतः काथलिक मुलींसाठी धर्मशिक्षणाचा वेगळा तास असतो आणि त्याच वेळी इतर मुलींना मूल्यशिक्षण, म्हणजे पूर्वीचे मॉरल सायन्स, शिकवले जाते. सकाळच्या असेंब्लीत प्रार्थना होते, कधी बायबलमधील उतारा वाचला जातो आणि नाताळात गव्हाणीचा देखावा मांडला जातो. याबद्दल मनात शंका असेल तर ती मनातच ठेवू नये. शाळेचे वेळापत्रक मागावे, त्या तासाला आपली मुलगी कोठे बसेल हे विचारावे आणि मिळालेल्या उत्तरावरून आपले मत बनवावे. शांतपणे विचारलेल्या प्रश्नाला शाळा शांतपणे उत्तर देते, असाच आमचा अनुभव आहे.

यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न पालक क्वचितच विचारतात, तो म्हणजे शाळा सिस्टरांच्या कोणत्या संघाची आहे. बाहेरून सगळी कॉन्व्हेंट सारखी दिसतात. परंतु प्रत्येक संघाची स्थापना वेगळ्या कारणाने झालेली असते आणि ते कारण शाळेच्या वागण्यात उतरलेले असते. फत्तेगंजमधील कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी ज्या संघाची आहे, त्याची स्थापना क्लॉडीन थेवने यांनी १८१८ मध्ये फ्रान्समधील लिओं या रेशमाच्या शहरात केली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९४ च्या जानेवारीत, त्यांच्या दोन सख्ख्या भावांना मृत्युदंड देण्यात आला आणि जाताना भावांनी बहिणीकडे मागितले ते सूड नको, क्षमा कर, एवढेच. पुढे त्यांनी हाती घेतलेले काम गरीब आणि अनाथ मुलींना आसरा देण्याचे, वाचायला व हातमाग चालवायला शिकवण्याचे होते. या संघाच्या सिस्टर १८४२ मध्ये आग्र्याला पोहोचल्या आणि तेथून त्यांच्या शाळा देशभर पसरल्या. ज्या संघाच्या मुळाशी क्षमा आहे, त्याच्या शाळेत चुकलेल्या मुलीला कसे वागवतात हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

तेव्हा भिंतीवरचे बोधवाक्य वाचून तिथेच थांबू नये. उशिरा आलेल्या मुलीला फाटकाशी काय सांगतात, एका विषयात नापास झालेल्या मुलीसाठी दुपारी कोण थांबते, वडिलांची नोकरी गेल्यामुळे फी थकली तर ते वर्गात सर्वांदेखत बोलून दाखवतात का, ही खरी मूल्यपरीक्षा आहे. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ कोणत्याही शाळेत होता कामा नये, तरीही हा विषय प्राचार्यांपुढे काढायला पालक संकोचतात. तसा संकोच करू नये.

आपल्या घरच्या रिवाजांबद्दलही आधीच बोलून घ्यावे. टिकली, बांगड्या, गौरी-गणपतीत हातावर काढलेली मेंदी, संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी लवकर घरी जाण्याची मुभा, अशा बाबतीत प्रत्येक शाळेचा नियम निराळा असतो आणि तो डायरीत छापलेला असतो. प्रवेशापूर्वी ही डायरी मागून वाचावी. मेंदी काढून गेलेली मुलगी दुसऱ्या दिवशी रडत घरी येते तेव्हा चूक बहुधा कोणाचीच नसते. घरात नियम कोणी वाचलेला नसतो, एवढेच.

सुविधा

शाळा दाखवताना प्रयोगशाळा आणि संगणक कक्ष दिमाखाने दाखवतात. ते जरूर पाहावेत, पण ग्रंथालयात थोडे जास्त थांबावे. कपाटातून कोणतेही एक मराठी, गुजराती किंवा इंग्रजी पुस्तक काढावे आणि त्याच्या शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी पाहावी. त्या चिठ्ठीवर याच वर्षाचे पाच-सहा शिक्के असतील, कागदाचे कोपरे दुमडलेले असतील आणि कडा मळलेल्या असतील, तर मुली ग्रंथालयात येतात असे समजावे. चिठ्ठी कोरी करकरीत असेल, तर ते ग्रंथालय पाहुण्यांना दाखवण्यापुरते आहे. प्रयोगशाळेलाही हीच कसोटी लावावी. टेबलावर आम्लाचे डाग असणे आणि परीक्षानळ्या धुऊन उपड्या घातलेल्या असणे ही चांगली लक्षणे आहेत.

मुलींच्या शाळेत स्वच्छतागृह ही पहिली सुविधा आहे, असे आमचे ठाम मत आहे. ते मधल्या सुट्टीनंतर पाहावे, सकाळी पाहू नये. नळाला पाणी आहे का, दाराची कडी आतून लागते का, झाकणाची बादली आहे का आणि सॅनिटरी पॅड लागल्यास मुलीने ते कोणाकडे मागायचे, हे मुलीच्या आईने प्रत्यक्ष जाऊन बघावे. एका शाळेत सिक रूमच्या टेबलाचा खालचा खण न विचारता उघडून पॅड घेण्याची मुभा मुलींना होती. नाव लिहिण्याची अट नव्हती आणि खण रिकामा होऊ न देण्याचे काम दहावीच्या दोन मुलींकडे सोपवलेले होते. त्या खणावरून आम्हाला शाळेची जेवढी ओळख पटली, तेवढी पुस्तिकेच्या वीस पानांवरून पटली नव्हती.

बडोद्यापुरते आणखी दोन प्रश्न आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले होते, हे सर्वांना आठवत असेल. त्या वेळी शाळेच्या आवारात किती पाणी आले, संगणक आणि कागदपत्रे आता कोणत्या मजल्यावर ठेवतात, शाळा बंद राहिल्यास अभ्यास कसा चालतो, हे विचारावे. दुसरा प्रश्न सहलीचा. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणी तलावात बोट उलटून सहलीला गेलेली बारा मुले आणि दोन शिक्षिका दगावल्या. ते दुःख या शहराच्या मनातून गेलेले नाही. सहलीपूर्वी पालकांची लेखी संमती घेतात का, किती मुलींमागे एक शिक्षिका असते आणि पाण्याच्या ठिकाणी काय नियम पाळतात, हे विचारल्याबद्दल कोणतीही जबाबदार शाळा रागावणार नाही.

वार्षिक प्रगती

या भागात पालक सर्वांत जास्त फसतात आणि एकेकाळी आम्हीही फसलो होतो. काही वर्षांपूर्वी दहावीचा शंभर टक्के निकाल पाहून आम्ही एका कुटुंबाला एक शाळा सुचवली. मुलगी मेहनती होती, पण गणितात मध्यम होती. वर्षाच्या शेवटी तिला नववीतच थांबवण्यात आले, किंवा दाखला घेऊन दुसरीकडे जावे असे सुचवण्यात आले. दहावीला बसलेल्या सर्व मुली उत्तीर्ण झाल्या होत्या, हे खरेच होते. बसू न दिलेल्यांची मोजणी आम्ही केली नव्हती. त्या कुटुंबापुढे आम्हाला मान खाली घालावी लागली. तेव्हापासून आम्ही टक्केवारी सर्वांत शेवटी पाहतो.

आधी पाहावे ते नववी आणि दहावीचे पट. समजा, गेल्या वर्षी नववीत १३० मुली होत्या आणि यंदा दहावीत १०५ आहेत. मग २५ मुली कोठे गेल्या, हा पहिला प्रश्न. काहींच्या वडिलांची बदली झाली असेल, पण एवढ्या सगळ्यांची होत नाही. पटाची आकडेवारी शोधणे अवघड नाही. प्रत्येक शाळेला यू-डायस या सरकारी शालेय नोंदणीचा अकरा अंकी क्रमांक असतो आणि त्यावरून सरकारच्या यू-डायस प्लस संकेतस्थळावर त्या शाळेची इयत्तावार पटसंख्या, शिक्षकांची संख्या आणि सुविधांची नोंद पाहता येते. किमान तीन वर्षांची आकडेवारी शेजारी शेजारी लिहून पाहावी, कारण एका वर्षाच्या आकड्यावरून प्रगती कळत नाही, फक्त स्थिती कळते.

त्यानंतर बोर्डाच्या श्रेणी पाहाव्यात. गुजरात बोर्डात ९१ ते १०० गुणांना ए-वन आणि ८१ ते ९० गुणांना ए-टू श्रेणी मिळते. शाळेच्या फलकावर ए-वनच्या मुलींची छायाचित्रे असतात आणि त्या मुलींचे कौतुक व्हायलाच हवे. मात्र आपली मुलगी मधल्या किंवा खालच्या गटातली असेल, तर शाळेने त्या गटासाठी काय केले हे पाहणे तिच्या हिताचे आहे. सी श्रेणीतल्या किती मुली वर्षभरात बी श्रेणीत आल्या, असा नेमका प्रश्न विचारावा. ज्या शाळेकडे याचा हिशोब असतो, ती वही काढून दाखवते.

प्रगतीच्या अहवालात खेळ, वक्तृत्व, बँड, एनसीसी आणि आवारातील झाडे यांचीही नोंद असते. त्यात विजेत्यांच्या यादीपेक्षा सहभागी मुलींची संख्या पाहावी. मोठ्या शाळेत दर वर्षी त्याच दहा मुली मंचावर दिसत असतील, तर बाकीच्या मुलींच्या वाट्याला टाळ्या वाजवणेच येते.

फी, भाषा आणि सवलती

२०१७ च्या कायद्यानुसार गुजरातमधील स्वनिर्भर, म्हणजे सरकारी अनुदान न घेणाऱ्या, शाळांच्या फीवर शुल्क नियमन समितीचे नियंत्रण आहे आणि बडोदा विभागाची स्वतंत्र समिती आहे. कायदा आला तेव्हा माध्यमिकसाठी २५,००० रुपयांची मर्यादा ठरली आणि त्याहून जास्त फी घ्यायची असल्यास समितीची मंजुरी आवश्यक झाली. मंजूर फीचा आदेश शाळेकडे मागावा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने (आरटीई) गरीब घरांतील मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांतून काथलिक शाळेत प्रवेश मिळेल का, असे लहान बहिणीसाठी अनेक जण विचारतात. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१४ च्या निकालानुसार अल्पसंख्याक शाळांना तो कायदा लागू नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाच्याच एका पीठाने या निकालाच्या फेरविचाराची गरज मांडली आहे, परंतु सध्या त्या जागांवर भिस्त ठेवू नये.

नववी ते बारावीच्या मुलींसाठी राज्य सरकारने २०२४ मध्ये नमो लक्ष्मी योजना सुरू केली. पात्र मुलीला चार वर्षांत मिळून ५०,००० रुपये मिळतात : नववी-दहावीत दरमहा ५०० रुपये वर्षाला दहा महिने आणि दहावी उत्तीर्ण झाल्यावर १०,००० रुपये, अकरावी-बारावीत दरमहा ७५० रुपये आणि बारावीनंतर १५,००० रुपये. पात्रतेचे नियम अनुदानित आणि स्वनिर्भर शाळांसाठी वेगळे आहेत, म्हणून शाळा कोणत्या प्रकारची आहे हे आधी विचारावे. हजेरी ८० टक्के लागते, तेव्हा मे महिन्यातले लग्न आटोपून जूनमध्ये वेळेवर परत यावे.

पुण्या-मुंबईहून बदली होऊन आलेल्या कुटुंबांनी भाषेचा विचार अगोदर करावा. २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवीपर्यंत गुजराती सक्तीची केली आहे, त्यामुळे नववीच्या वर्गातील मुली ती लिहीत आलेल्या असतात. आपल्या मुलीला कोणता भाषाविषय घेता येईल हे शाळेकडून लेखी घ्यावे. मराठी आणि गुजराती लिपी इतक्या जवळच्या आहेत की मन लावून बसलेली मुलगी सुट्टीत वाचायला शिकते. लिहायला अधिक वेळ लागतो.

कार्यालयात येताना

जन्मदाखला, आधार कार्ड, मागील दोन वर्षांची प्रगतिपत्रके आणि शाळा सोडल्याचा दाखला आणावा. गुजरातच्या शालेय नोंदींत आडनाव आधी, मग मुलीचे नाव आणि शेवटी वडिलांचे नाव लिहितात; महाराष्ट्रातील जन्मदाखल्यावर आडनाव बहुधा शेवटी असते. नववीत बोर्डाच्या नोंदणीवेळी जे नाव जाते, तेच दहावीच्या गुणपत्रिकेवर छापले जाते, म्हणून क्रम आणि स्पेलिंग दोन्ही आम्ही तुमच्यासमोर तपासतो.

मुलीलाही बरोबर आणावे. आम्ही पहिली पंधरा मिनिटे तिच्याशी बोलतो आणि त्या वेळी आई-वडिलांना बाहेरच्या बाकावर बसण्याची विनंती करतो.